गोळी आणि फेणी यांत किती तासांचं अंतर?

पत्र :

नमस्कार डॉक्टर,
मी गोव्यात फोंड्याला असते, माहेर सत्तरी तालुक्यात. बाबा ६६ वर्षांचे. आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे, अजूनही पहाटे उठून पाणी सोडायला स्वतः जातात. दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखलं, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, एक स्टेंट घातला. तेव्हापासून बीपीचं टेल्मिसार्टन आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी एकत्र असलेली एक, मेटोप्रोलॉल, ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन चालू आहे. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटही देऊन ठेवलीय. पहिले दोन महिने त्यांनी काहीच घेतलं नाही. मग संध्याकाळी थोडी फेणी सुरू झाली आणि आता उर्राकाचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे, दिवस आलेत. ज्या दिवशी घ्यायची असते त्या दिवशी सकाळपासून एकही गोळी घेत नाहीत, 'दोन्ही एकत्र वाईट' म्हणतात. बीपीचं मशीन लावून दाखवतात. फेणीआधी वरचा आकडा १५२, नंतर १२४. म्हणतात, "पळे, हेंच म्हजें वखद", म्हणजे हेच माझं औषध. गेल्या रविवारी गोळ्या न घेता उर्राक घेतला आणि सोप्यावरून उठताना पडले, कपाळाला खोक पडली. डॉक्टरकडे यायला तयार नाहीत, "कांयच जायना" एवढंच उत्तर. शेजारच्या काकींनी आईला दारू सोडवायची पावडर आणून दिलीय, जेवणात कळू न देता घालायची. घालू का? गोळी आणि दारू यांत किती तासांचं अंतर ठेवायचं? आणि मे महिन्यात भावाचं लग्न आहे, त्या दिवशी एक पेग चालेल का?
— एक लेक, फोंडा

ताई,

बाकीचं सावकाश वाचा, पण दोन गोष्टी आजच करा. ती पावडर जेवणात घालू नका. आणि कपाळावरची जखम भरत आली असली तरी बाबांना डॉक्टरांना दाखवा.

आधी कपाळाचं. बाबा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी दोन औषधं एकत्र घेतात. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ती लागतातच, पण त्यामुळे कुठेही रक्त वाहू लागलं तर ते थांबायला जास्त वेळ लागतो. साठीपुढच्या माणसाच्या डोक्याला मार बसला की कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत राहू शकतं, आणि त्याची लक्षणं कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. डोकेदुखी वाढत जाणं, दिवसा सुस्ती, उलटी, शब्द अडखळणं, एका बाजूचा हात किंवा पाय जड पडणं, चालताना तोल जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट १०८ ला फोन करा. तसं काही नसलं तरी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन "पडले, डोक्याला लागलं, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत" ही तिन्ही वाक्यं सांगा. सीटी स्कॅन करायचा का, ते तिथले डॉक्टर ठरवतील. आईलाही एक सांगून ठेवा. प्यालेला माणूस पडला आणि मग गाढ झोपला तर 'चढलीय, झोपू दे' म्हणून सोडायचं नाही. नशा आणि मेंदूतला रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसू शकतात, आणि माणसं दगावतात ती याच गैरसमजाने.

आता पावडर. अशा पुड्यांवर आत काय आहे ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. दारू सोडवण्यासाठी जे औषध फार वर्षांपासून वापरतात त्याचं नाव डायसल्फिराम. ते घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं. चेहरा लालबुंद होतो, धडधड सुरू होते, उलट्या होतात, श्वास लागतो, बीपी एकदम खाली येतं. हा त्रास व्हावा आणि त्याच्या भीतीने माणसाने दारूला हात लावू नये, हीच त्या औषधामागची कल्पना. म्हणून ते माणसाला पूर्ण सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून डॉक्टर देतात. हृदयविकार असलेल्यांना तर ते द्यायचंच नसतं. स्टेंट घातलेल्या माणसाला ते चोरून दिलं आणि त्याने त्या संध्याकाळी नेहमीसारखी फेणी घेतली, तर जेवणाच्या ताटावरून उठायच्या आत हार्ट ॲटॅक येऊ शकतो. डायसल्फिरामचा परिणाम शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंतही राहतो. तेव्हा आईने एखाद-दोनदा ती पावडर घातलीच असेल तर ते लपवू नका. बाबांना खरं सांगा, पंधरा दिवस दारूचा थेंबही नको हे समजावा, आणि पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. काकींनी काळजीपोटीच दिली असणार, त्यांच्यावर रागावू नका. पण ती पुडी त्यांच्याकडून पुढच्या घरी जाणार नाही एवढं मात्र बघा.

आता बाबांच्या मशीनकडे येऊ. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे, कारण बाबा जे सांगतात ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणून ते उडवून लावलं तर ते तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाहीत.

१५२ चा १२४ होतो हे खरं आहे. दारू अंगात भिनली की रक्तवाहिन्या सैलावतात, अंग गरम वाटतं, आणि बीपी उतरतं. कुळागरात एकाच पंपावर आणखी दोन नळ सोडले की टोकाच्या पोफळीपर्यंत पाणी जोराने पोचत नाही, हे बाबांना मी सांगायला नको. पण हा उतार काही तासांचाच असतो. एका बैठकीत ३० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल पोटात गेलं, म्हणजे साधारण ९० मिलिलिटर फेणी, तर पहिले दहा-बारा तास बीपी खाली राहतं आणि तेराव्या तासाच्या सुमारास ते उलटं वर चढायला लागतं. नाडी तर पहिल्यापासूनच जलद चालते. संध्याकाळी सातला ग्लास घेतला तर चढ सुरू होतो दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आसपास. बाबा मशीन लावतात ते रात्री. सकाळचा आकडा त्यांनी पाहिलेलाच नाही.

आणि ती सकाळ कशी असते ते बघा. आदल्या दिवशीच्या गोळ्या घेतलेल्या नाहीत. मेटोप्रोलॉल अंगातून लवकर उतरतं, तेव्हा हृदयाला आवर घालणारं काही उरलेलं नाही. हे औषध अचानक तोडलं तर नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात, छातीत दुखू शकतं, आणि ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना आधीच आजार आहे त्याला हा धोका सर्वांत जास्त. हार्ट ॲटॅकचं प्रमाणही पहाटे आणि सकाळीच जास्त असतं. अशा वेळी बाबा उपाशीपोटी पंप चालवायला कुळागरात उतरतात. मला संध्याकाळच्या फेणीची काळजी आहेच, पण त्याहून जास्त काळजी या सकाळची आहे.

म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचंच मशीन वापरा. एक वही करा. आठवडाभर रोज तीन वेळा मोजायचं : संध्याकाळी घ्यायच्या आधी, रात्री झोपताना, आणि सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. पाठ टेकून पाच मिनिटं बसायचं, हात छातीच्या उंचीला ठेवायचा, बोलायचं नाही. बीपीबरोबर नाडीचा आकडाही लिहायचा. घेतलेल्या दिवसापुढे खूण करायची. आणि रात्रीच्या मोजणीत आणखी एक भर घाला : बसून मोजल्यावर त्यांना धरून उभं करा आणि एक मिनिटाने, मग तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर रविवारी ते का पडले हे त्यांना कागदावर दिसेल. वखद म्हणतात ते सकाळी काय करतं, हेही त्याच वहीत दिसेल. ज्याने आयुष्यभर पावसाचा आणि सुपारीचा हिशोब ठेवलाय त्याला आकडे वाचून दाखवावे लागत नाहीत.

पडण्याचं थोडं खोलात सांगते, कारण तासांच्या अंतराचं उत्तर त्यातच आहे. आपण बसलेले उठतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं. शरीर लगेच पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदय जरा जोरात चालवतं, आणि मेंदूला रक्त कमी पडू देत नाही. टेल्मिसार्टन रक्तवाहिन्या सैल ठेवतं. मेटोप्रोलॉल हृदयाला पळू देत नाही. पाण्याच्या गोळीने अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालेलं असतं. एरवी हे सगळं सांभाळून चालतं, डोस तसेच बेतलेले असतात. त्यावर दारू पडली की सावरायचा मार्गच बंद होतो आणि माणूस उठता उठता कोसळतो.

तुम्ही म्हणाल, त्या रविवारी तर त्यांनी गोळी घेतलीच नव्हती. बरोबर. पण टेल्मिसार्टन निम्मं उतरायलाच साधारण २४ तास लागतात, म्हणजे शनिवारच्या सकाळची गोळी रविवारी संध्याकाळी अजून अंगात होती. बीपीचंच दुसरं औषध ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या अंगात तर ते त्याहूनही जास्त रेंगाळतं, ३० ते ५० तासांत निम्मं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्ताची गुठळी करणाऱ्या ज्या प्लेटलेटवर काम करतात ती प्लेटलेट तिच्या आयुष्यभरासाठी बदललेली असते, आणि ते आयुष्य सात ते दहा दिवसांचं. दुसऱ्या बाजूने लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडतं, म्हणजे एका क्वार्टरच्या (१८० मिलिलिटर) फेणीला सहा ते नऊ तास. दोन तासांचं, चार तासांचं, कुठलंही अंतर सांगितलं तरी त्याला अर्थ नाही. एक दिवस गोळी चुकवून दारूशी गाठ टळत नाही, आणि औषधाचं रक्षण मात्र जातं. स्टेंटच्या पहिल्या वर्षात ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल अधूनमधून सोडणं म्हणजे स्टेंट बंद पडायला वाट करून देणं. बाबांनी उद्या घ्यायची ठरवली, तुम्हा कोणाचं ऐकलं नाही, तरी गोळ्या घ्यायच्याच. हे त्यांना इतक्या स्पष्ट शब्दांत सांगा. दारू सोडली तर फार चांगलं. पण दारूसाठी गोळी सोडणं कुठल्याही हिशोबात बसत नाही.

'एक ग्लास' हा शब्दही घरात तपासून घ्या. बारमध्ये पेग मोजून देतात, घरी ग्लास ओतून भरतो. पुढच्या वेळी आईला सांगा, बाबा नेहमी ओततात तेवढं पाणी त्याच ग्लासात ओतायचं आणि खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजायचं. बऱ्याच घरांत तो 'एक' ९० ते १०० मिलिलिटरचा निघतो. फेणीत ४० ते ४५ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ६० मिलिलिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम. उर्राक एकदाच गाळलेला असतो, १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून सगळे तो सरबतासारखा पितात. दोनशे मिलिलिटरचा एक ग्लास उर्राक म्हणजे २४ ग्रॅम अल्कोहोल, फेणीच्या साठच्या पेगपेक्षा जास्त. असे तीन ग्लास काजूच्या बागेत दुपारी सहज होतात. भट्टीवरून आलेल्याची ताकद तर प्रत्येक खेपेला वेगळी.

त्यात हा मोसम बघा. मार्च, एप्रिल, मे. घामाने अंगातलं पाणी आधीच गेलेलं. दारूने लघवी वाढते, पाण्याच्या गोळीनेही वाढते. सोडियम, पोटॅशियम खाली-वर होऊ शकतं, पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकायला लागतात. आपल्याकडे उर्राकात लिम्का, हिरवी मिरची आणि मीठ घालतात, बरोबर लोणचं, फरसाण, सुके बांगडे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, ते एका बैठकीतच संपतं. मीठ बीपी चढवतं, दारू ते आधी उतरवून मग चढवते, आणि डॉक्टर पुढच्या तपासणीला आकडा बघून गोळी वाढवतात, कारण त्यांना यातलं काही सांगितलेलं नसतं. वाढलेल्या गोळीवर पुन्हा दारू. म्हातारी माणसं न्हाणीघरात पडतात त्यामागे कित्येकदा हेच चक्र असतं.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून घेतली जाणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळीही बाबांसाठी वाईट. टेल्मिसार्टन आणि पाण्याच्या गोळीबरोबर ती मूत्रपिंडावर येते, ॲस्पिरिनबरोबर पोटात रक्तस्राव करते. दारूने पोटाचं आतलं आवरण आधीच दुखावलेलं असतं. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं दिसलं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

सॉर्बिट्रेटबद्दल आईला नीट समजावून ठेवा. ती गोळी रक्तवाहिन्या झटकन सैल करते, दारू पोटात असताना बीपी धोकादायक पातळीपर्यंत पडू शकतं. छातीत दुखलं तर बाबांना लगेच बसवा, १०८ ला फोन करा आणि दारू घेतलीय, किती वाजता, किती, हे न लाजता सांगा. चक्कर येत असेल किंवा मशीनवर वरचा आकडा १०० च्या खाली असेल तर गोळी देऊ नका, फोनवर विचारा. उभ्या माणसाला ती कधीच द्यायची नाही. आणि एक नाजूक गोष्ट, जी लेकीने विचारायची नसते म्हणून तुमच्या भावाला किंवा डॉक्टरांना विचारू द्या : सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी बाबा कधी घेतात का. तिच्याबरोबर सॉर्बिट्रेट चालतच नाही, दारू असो वा नसो.

आता बाबांशी बोलायचं कसं. बाटली लपवू नका. लपवलेली बाटली बाबा शोधतात, नाही सापडली तर बारवर जातात, आणि तिथून रात्रीच्या वेळी स्कूटरने घरी येतात. सत्तरीत काजूच्या दिवसांत शेजारचा माणूस स्वतःच्या भट्टीची पहिली बाटली प्रेमाने आणून देतो, ती घेणं हा मानाचा भाग असतो. फेणी आपल्या मातीची आहे, काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बाबांना वाईट माणूस, दारुडा ठरवून तुम्ही त्यांना घरातल्या लोकांपासून तोडाल आणि ते लपवायला शिकतील. आज ते तुमच्यासमोर मशीन लावून दाखवतात, हा मोकळेपणा फार मोलाचा आहे. तो टिकवा. वही भरून झाली की त्यांच्याबरोबर हृदयाच्या डॉक्टरांकडे जा आणि बाबांसमोरच सगळं सांगा. डॉक्टर 'घेता का?' विचारतात तेव्हा आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असतं, 'कधीतरी थोडी.' त्याऐवजी मिलिलिटर आणि आठवड्यातले दिवस सांगा. डोस बदलायचे, गोळीची वेळ बदलायची, लिव्हरची तपासणी करायची का, हे सगळं त्या उत्तरावर अवलंबून आहे. मी बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा माझं हे वाचून एकही गोळी कमी-जास्त करू नका.

बाबा कदाचित म्हणतील की थोडी दारू हृदयाला चांगली असं डॉक्टरच सांगायचे. पूर्वी तसं बोललं जायचं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की आरोग्याला निर्धोक असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. सणासुदीला भरपूर प्यायल्यावर तरुण, धडधाकट माणसांच्याही हृदयाचे ठोके बिघडतात हे १९७८ मध्येच नोंदवलं गेलंय, त्याला 'हॉलिडे हार्ट' म्हणतात. उलट बाजूही बाबांना सांगा, ती उमेद देणारी आहे. भरपूर पिणाऱ्यांनी प्रमाण निम्म्यावर आणलं तर बीपीचा वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी उतरतो. हा उतार सकाळीही टिकतो.

मात्र सोडायची झाली तर एक खात्री आधी करून घ्या. बाबा रोज घेतात का, आणि न घेतलेल्या सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का, जीव घाबराघुबरा होतो का? तसं होत असेल तर एका रात्रीत बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, बीपी आणि नाडी भलतीच चढतात. स्टेंटवाल्या हृदयाला ते झेपत नाही. अशा वेळी औषधं देऊन सोडवावी लागते, आणि त्यासाठी बांबोळीलाच मानसोपचार संस्थेत, आपण आयपीएचबी म्हणतो तिथे, व्यसनमुक्तीची सोय आहे. आधी नुसतं फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तिथे तुम्ही स्वतःसाठी, आईसाठीही बोलू शकता. तुमच्या पत्रात आईबद्दल एकच ओळ आहे, पण रात्री जागी राहून बाबांचा श्वास ऐकणारी तीच असणार.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. कृत्रिम झडप बसवलेली असेल आणि रक्त पातळ करणारं ॲसेनोकुमरॉल किंवा वॉरफरिन चालू असेल तर एका रात्रीच्या दारूने रक्त जास्तच पातळ होऊ शकतं आणि रोजच्या भरपूर दारूने औषध कमी पडू शकतं, रक्ताचा रिपोर्ट स्थिर राहतच नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांना उठताना चक्कर जास्त येते. बीपीच्या औषधांपैकी व्हेरापामिलने दारू रक्तात जास्त काळ राहते, आणि क्लोनिडिनबरोबर झापड येते. डायबेटीससाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर पिऊन न जेवता झोपल्यावर रात्री उतरते, आणि घरच्यांना ती नशाच वाटते. आपापल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टना सरळ विचारा.

राहिलं लग्न. माझं उत्तर 'नको' असं आहे. मे महिन्यात स्टेंटला वर्ष झालेलं नसेल, रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या चालूच असतील, आणि एकदा पडून झालंय. बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका, त्यांनी बाबांना तपासलंय. पण मुलाच्या लग्नात चार व्याही, चुलते, मित्र ग्लास पुढे करणार हेही मला ठाऊक आहे, तेव्हा 'नको' वर विसंबून राहू नका. ज्या दोघा-तिघा माणसांचं बाबा ऐकतात, जे त्यांना आग्रह करतील, त्यांना आठवडाभर आधी गाठा आणि स्टेंटचं सांगा. आपल्याकडे एकदा कळलं की माणसं आग्रह करत नाहीत, उलट दुसऱ्यालाही अडवतात. बाबांच्या हातात ग्लास हवाच तर त्यात सोलकढी असू दे किंवा नारळाचं पाणी.

तरीही त्यांनी घेतलीच, तर भरल्या पोटी, एकच, मोजून, आणि मंडपाच्या उन्हात नाही. शेजारी पाण्याची बाटली. उठायचं ते कुणाचा हात धरून. गाडीची किल्ली सकाळीच काढून घ्या. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेवा, आणि उठल्यावर मिनिटभर खाटेच्या कडेला बसायला सांगा. त्या दिवशीच्या गोळ्या आदल्या रात्री डबीत काढून ठेवा. ती डबी आईकडे देऊ नका, तिला त्या दिवशी श्वास घ्यायला वेळ नसेल. तुमच्या नवऱ्याकडे द्या, आणि त्यांच्या मोबाइलवर बाबांच्या गोळ्यांच्या वेळांचा अलार्म लावून ठेवा.